पेटीतली दुसरी ओळ

भाऊजींचे बूट स्वच्छ होते, आणि तिथूनच वहिनीच्या डोक्यात किडा शिरला.

ड्रिल मशीन चालवणाऱ्याचे बूट कधी स्वच्छ नसतात. दगडाला भोक पाडताना पाणी सोडावं लागतं, पाण्यात दगडाचं पीठ मिसळतं आणि त्याचा राखाडी चिखल घोट्यापर्यंत चढतो. त्या चिखलापायी सासूबाईंनी मागच्या दाराशी वेगळं पायपुसणं टाकलं होतं. गेले दोन दिवस भाऊजी, म्हणजे वहिनीचे धाकटे दीर, शिफ्ट संपवून घरी येत होते आणि पायपुसणं कोरडं ठणठणीत राहत होतं.

खरं म्हणजे तिला वहिनी म्हणायचा हक्क एकट्या भाऊजींचा. पण दोघं एकाच बोगद्याच्या कामावर, त्यामुळे त्यांची हाक साऱ्या साइटनं उचलली. चौकीदार वहिनी म्हणे, तिच्या दुप्पट वयाचा क्रेनवालाही वहिनी म्हणे. नवरा तिथंच फोरमन. तो तेवढा वहिनी म्हणत नसे, एवढंच नशीब. घरात सासूसासऱ्यांसमोर ती त्याला 'अहो' म्हणायची आणि खोलीचं दार लागलं की 'अरे'. एवढी एक लक्ष्मणरेषा तिनं लग्नापासून पाळली होती.

तिचं काम दगड वाचण्याचं. बोगदा पुढे खणण्याआधी टोकाच्या दगडात आडवं, लांब, पोकळ भोक पाडतात आणि आतून दगडाचा गोल दांडा काढतात. त्याला कोअर म्हणतात. हे कोअरचे तुकडे लाकडी पेटीत ओळीनं मांडून वहिनीच्या शेडमध्ये येत. पुढे कोणता दगड आहे, धड आहे की सडका, पाणी धरून बसलाय का, हे तिनं सांगायचं. मग सुरुंग कुठवर लावायचा ते ठरायचं. आणि सुरुंगाच्या सगळ्यात जवळ उभा असे तो तिचा नवरा. त्यामुळे वहिनी दगड वाचायची ती नोकरी म्हणून कमी आणि कुंकवाच्या धाकानं जास्त.

त्या संध्याकाळी जेवताना भाऊजींच्या हातातून पेला निसटला. ताटात पाणीच पाणी. सासूबाई विजेसारख्या उठल्या, फडकं फिरवलं आणि म्हणाल्या, "तेलकट राहिला होता मेला, नीट घासलाच नाही."

पेला वहिनीनंच घासला होता. तो तेलकट नव्हता.

"आज कुठवर गेलं भोक?" तिनं सहज विचारावं तसं विचारलं.

भाऊजींनी ताटातून मान वर केली नाही. "गेलं की. काळी भिंत पार केली. पेटी सकाळी येईल तुमच्याकडे."

"पाणी लागलं का मध्ये?"

भाऊजींनी सासऱ्यांकडे बघितलं. एवढंसंच, पण बघितलं. आणि सासरे म्हणाले, "जेवताना कसली गं पाण्याची चौकशी? जेवू दे त्याला."

सासरेही जन्मभर ड्रिलवर होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी कामाच्या गप्पा निघाल्या की त्यांना घास गोड लागायचा. आणि आज तेच म्हणत होते, चौकशी नको! वहिनीनं भात कालवला आणि मनात एक खूणगाठ बांधली.

जेवणानंतर सासऱ्यांनी गोळ्यांची डबी काढली. दोन ओळींची, सात-सात खणांची; वरची ओळ सकाळची, खालची रात्रीची. वरची ओळ त्यांनी डावीकडून उजवीकडे भरली आणि खालची उजवीकडून डावीकडे परत येत भरली. दर आठवड्याला हेच. सासूबाई दर आठवड्याला तेच बोलत.

"अहो, वाचल्यासारखं भरा की! नांगर धरल्यासारखे काय जाता नि येता? सोमवारची गोळी रविवारी गिळता तुम्ही."

"पोटात गेल्याशी कारण," सासरे म्हणाले. एरवी ते हसत. आज हसले नाहीत.

वहिनी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेली, तर आत चाललेली मायलेकांची कुजबुज एकदम थांबली. मागच्या अंगणात सासऱ्यांचे जुने बूट भिंतीवर पालथे वाळत होते. "बुरशी धरली होती," त्यांनी न विचारताच सांगितलं. म्हातारा माणूस, रिकामा वेळ. बुटांचं तिनं मनावर घेतलं नाही. मनावर घ्यायला दुसरं पुष्कळ होतं.

खोलीचं दार लागल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "अरे, तुझ्या भावाचं काहीतरी शिजतंय. आणि अख्खं घर त्यात आहे."

"तुला दगडात भेग दिसते, पेल्यात भेग दिसते, आता माणसांतपण दिसायला लागली." तो कुशीवर वळला. "उद्या दुपारी सुरुंग आहे. झोपू दे."

सकाळी पेटी आली. पाच ओळी, एकेक ओळ दीड हाताची. वरच्या डाव्या कोपऱ्यात सुरुवातीचा आकडा, खालच्या उजव्या कोपऱ्यात शेवटचा. खरं तर प्रत्येक तुकड्यावर दिशेचा बाण काढायला हवा. पण इथले मुख्य साहेब असे की बोगदा त्यांच्या आधी पलीकडे पोचायला हवा होता. सगळे त्यांना घाईसाहेबच म्हणत. त्यांच्या राज्यात बाण काढायला सवड कुणाला?

वहिनीनं तुकड्यांवर पाणी मारलं आणि वाचायला बसली.

काळ्या भिंतीबद्दल सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. जमिनीच्या पोटात खडक वितळतो, तो रस वाट शोधत वर येतो. सगळाच काही ज्वालामुखी होऊन बाहेर पडत नाही. कुठे खोलवर अख्ख्या डोंगराएवढा गोळा जागच्या जागी थिजतो, कुठे दोन थरांच्या मध्ये आडवा शिरून पसरतो, आणि कुठे उभ्या भेगेत चढतो न् तिथंच थांबतो. उभा थांबला की जमिनीखाली काळ्या दगडाची भिंत उभी राहते. शास्त्रात तिला डाइक म्हणतात. या बोगद्याच्या वाटेत, जुन्या पांढुरक्या वाळूच्या दगडाला चिरत, अशीच एक भिंत उभी होती. भिंतीमागे पाणी अडतं आणि कडेचा दगड पिचलेला असेल तर ते तिथं दबा धरून बसतं.

अशी भिंत ओळखायची खूण सोपी. एकदा सासूबाईंना तिनं साखरेच्या पाकावरून सांगितली होती. गरम पाक थंड ताटलीत ओतला की कडेला लागलेला लगेच थिजतो, मधला सावकाश. दगडाचंही तसंच. उकळता रस थंड जुन्या दगडाला टेकला की कडा पटकन गारठते, कण धरायला तिला वेळच मिळत नाही, म्हणून ती काचेसारखी गुळगुळीत. मधला भाग निवांत थंड होतो, म्हणून आत जावं तसा आधी रवाळ, मग भरड. आणि शेजारचा बिचारा जुना दगड भाजून लाल होतो. म्हणजे क्रम ठरलेला: भाजका, गुळगुळीत, भरड, गुळगुळीत, भाजका. यात बदल नाही. जगाच्या पाठीवर कुठेही नाही.

पहिली ओळ ठीक होती. पांढुरका दगड, शेवटी लालसर भाजलेला. आता दुसरी ओळ गुळगुळीत कडेनं सुरू व्हायला हवी. ती सुरू झाली मधल्याच रवाळ काळ्या दगडानं. गुळगुळीत कडा आली ओळीच्या पार उजव्या टोकाला, आणि तिला लागून पिचलेला, ओला, हातानं चुरा होणारा सडका पट्टा. तिसरी ओळ पुन्हा रवाळ.

वहिनीनं ती ओळ पुन्हा वाचली. कडा मध्येच? भिंतीच्या पोटात भिंतीची कडा? हा दगड असा जन्मूच शकत नाही. म्हणजे कुणीतरी तो असा मांडला होता.

आणि फायदा कुणाचा, हे कळायला ज्योतिषी नको होता. सडका पट्टा दुसऱ्या ओळीच्या शेवटी, म्हणजे दीड हात पुढे. दुपारचा सुरुंग त्याच्या पुरता दीड हात अलीकडे थांबणार होता. पट्टा खरोखर ओळीच्या सुरुवातीला असता, तर सुरुंग थांबवून आधी सिमेंट भरत बसावं लागलं असतं आणि आठवडा गेला असता. घाईसाहेबांचा जीव गेला असता. स्वच्छ बूट, निसटलेला पेला, ताटात घातलेली मान: सगळे मणी एका दोऱ्यात ओवले गेले. ज्यानं भोक पाडलंच नाही, त्याचे बूट कशाला मळतील? कुठूनतरी तुकडे आणायचे आणि पेटी भरायची. घाईसाहेबांनी कानात काय सांगितलं असेल देव जाणे.

स्वतःचा सख्खा भाऊ बोगद्याच्या टोकाशी उभा असताना? तिला रडूच फुटायचं राहिलं होतं.

ती पेटीबद्दल सांगायला गेली तर घाईसाहेब हसले. "वहिनी, दगड आहे. इकडंतिकडं होणारच. वाहतुकीत हलले असतील तुकडे."

"हललेले तुकडे क्रम नाही बदलत."

"पुरावा आणा, थांबवतो. तुमच्या तोंडच्या काळजीवर मी बोगदा थांबवू शकत नाही." आणि घड्याळ बघितलं. त्या माणसाला घड्याळ बघण्याची खोकल्यासारखी सवय होती.

वहिनी शेडमध्ये परत आली आणि गुडघ्यांवर बसली. कोअर तुटतो तेव्हा दोन तुकड्यांची तोंडं एकमेकांत बसतात. मोडलेला पेला जुळतो तशी. दुसऱ्या भोकातला दगड असेल तर तोंडं जुळणारच नाहीत. हाच पुरावा. तिनं पहिल्या ओळीचं शेवटचं तोंड दुसऱ्या ओळीच्या पहिल्या तुकड्याला लावलं. जुळेना. झालं, पकडला! दुसऱ्या ओळीचं शेवटचं तोंड तिसरीच्या पहिल्याला लावलं. जुळेना. मग उगीच, चिडून, तिनं दुसऱ्या ओळीचा डावा तुकडा उचलून तिसऱ्या ओळीच्या डाव्या तुकड्याला टेकवला.

टक्क. केसाइतकी फट राहिली नाही.

तुकडे याच भोकातले होते. ओळ नुसती उलटी मांडली होती. सरळ केली की क्रम लावून ठेवल्यासारखा आला: भाजका दगड, सडका पट्टा, गुळगुळीत कडा, रवाळ, भरड. म्हणजे पाणी दीड हात पुढे नव्हतं. ते भिंतीच्या अलीकडेच होतं, आणि दुपारचा सुरुंग थेट त्यात उघडणार होता.

वहिनी पळाली. पायात चप्पल होती की नव्हती, हे तिला नंतरही आठवेना. सुरुंगाची भोकं पट्ट्याच्या वीतभर अलीकडेपर्यंत पाडून झाली होती, दारू भरायला घेणारच होते. तिनं दोन्ही तुकडे घाईसाहेबांच्या टेबलावर आपटले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत जोडून दाखवले. घाईसाहेबांचा चेहरा उतरला. माणसं बाहेर काढली; कोअरचं भोक सडक्या दगडाच्या चुऱ्यानं बुजलं होतं, म्हणून बाजूनं एक बारीक भोक पाडून बघितलं, आणि त्या बोटभर भोकातून पाणी असं सुटलं की समोरच्या गड्याचं शिरस्त्राण उडालं. पूर्ण सुरुंग उडाला असता तर जवळ उभा असलेला कुणीच वाचला नसता.

मग घाईसाहेबांना अचानक शिस्त आठवली. ऑफिसात सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "ओळ उलटी कुणी लावली?"

वहिनीनं मागे वळून बघितलं. नवरा बोगद्यात पंप लावत होता, जिवंत होता. आणि ज्यानं त्याला मारलं असतं तो दाराशी उभा होता, खिशात हात घालून. खिशात हात घालून! तिचा तोल गेला.

"शिफ्ट भाऊजींची होती," ती म्हणाली. "आणि दोन दिवस यांचे बूट कोरडे आहेत. मशीनजवळ हे नव्हतेच. काय केलं ते यांनाच विचारा."

भाऊजींनी तिच्याकडे एकदा बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात, आणि तेच तिला जास्त लागलं. चौकीदारानं त्यांच्या गळ्यातला पास काढून घेतला.

दुपारी शेडमध्ये ती पेटी आवरायला बसली. दुसरी ओळ सरळ झाली होती. तिसरी ठीक होती. चौथीवर नजर गेली आणि ती थबकली. चौथी ओळ तिसरीला जुळत नव्हती. उलटी धरली, टक्क. पाचवी सरळ.

चौथी कशाला उलटी लावेल कोणी? तिथं सडका पट्टा नाही, पाणी नाही, नुसता भरड काळा दगड. त्यात लपवण्यासारखं काही नाही आणि मिळवण्यासारखंही नाही. पहिली जाताना, दुसरी येताना, तिसरी जाताना, चौथी येताना. लबाडी अशी ओळीत चालत नाही. सवय चालते.

तिच्या डोळ्यांसमोर गोळ्यांची डबी आली.

आणि भिंतीवर पालथे वाळणारे जुने बूट.

घरी पोचली तेव्हा सासरे ओट्याच्या कडेला बसले होते, एकदम म्हातारे दिसत होते. सासूबाईंचे डोळे सुजलेले. भाऊजी जमिनीवर भिंतीला टेकून बसले होते. सगळ्यांना सगळं कळलं होतं, फक्त तिला सोडून.

"बाबा, पेटी तुम्ही मांडलीत?"

"आमच्या वेळी अशीच मांडायचे," सासरे म्हणाले. "जात, येत. आता बदललंय हे लक्षातच आलं नाही. पोराचं शिरस्त्राण घातलं, तोंडाला फडकं बांधलं. अंगानं आम्ही सारखेच. हेल्पर माझ्या वेळचा, तो बोलणार नव्हता. दोनच दिवसांचा प्रश्न होता." त्यांनी स्वतःच्या तळहातांकडे बघितलं. "मी माझ्या थोरल्याला मारत होतो गं. स्वतःच्या हातानं मांडून ठेवलं होतं मरण त्याचं."

"पण भाऊजी कुठे होते?"

सासूबाईंनी धाकट्या लेकाचे हात धरून वहिनीसमोर उघडे केले. बोटांची टोकं पांढरीफटक होती, मेणासारखी.

"मशीनच्या हादऱ्यानं," भाऊजी म्हणाले. "वर्ष झालं. आधी मुंग्या यायच्या. आता पेला धरलाय की नाही तेच कळत नाही. शहरात मोठ्या दवाखान्यात गेलो होतो, दोन दिवस तपासण्या होत्या. इथं रजा मागितली असती तर कारण द्यावं लागलं असतं."

वहिनी खाली बसली. पेला तेलकट नव्हता, हे तिनं पाहिलं होतं. तो निसटला का, हे तिनं विचारलं नव्हतं. गारठतं ते आधी कडेला, हे जगाला शिकवणारी बाई ती, आणि तिच्या पानाशेजारी बसलेल्या माणसाची बोटं वर्षभर टोकापासून गारठत होती.

"मी उद्या सकाळी जाऊन खरं सांगते. तुम्ही काही लबाडी केली नाही म्हणून."

"नका सांगू." भाऊजी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. "वहिनी, पाया पडतो. मला चोर म्हणू दे. चोराला दुसऱ्या साइटवर काम मिळतं, लोक विसरतात. हात गेलेल्या ड्रिलवाल्याला कोण उभं करतं? तुम्ही जे बोललात तेच राहू दे."

"आणि दुसऱ्या साइटवर अशीच पेटी मांडली गेली तर? तिथं कुणाचा तरी नवरा असेलच ना उभा."

तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं. नवरा आत आला, कमरेपर्यंत भिजलेला, अंगभर चिखल. पायपुसण्याकडे त्यानं बघितलंही नाही.

"कुठंय तो?"

भाऊजी भिंतीच्या आधारानं उठून उभे राहिले. "मी केलं, दादा," ते म्हणाले. "साहेबांनी सांगितलं, मी ओळ फिरवली."

सासरे ओट्याला धरून उठायला धडपडले. नवऱ्यानं भावाची गचांडी धरली आणि दुसरा हात उगारला. भाऊजींनी तो अडवायला हात वरसुद्धा केला नाही.

"अरे थांब!" वहिनी किंचाळली. "खोटं बोलतायत ते! मारू नकोस, अरे, आधी हात बघ त्यांचे!"

घरात सगळ्यांसमोर ती त्याला पहिल्यांदा 'अरे' म्हणाली होती. एरवी सासूबाईंनी भुवई तरी उंचावली असती. आज त्यांनी पदरानं डोळे पुसले, आणि म्हणाल्या, "बघ रे. ती म्हणते तसं बघ."

उगारलेला हात हवेतच राहिला. मग तो हळूहळू खाली आला आणि भावाच्या बोटांवर थांबला. नवऱ्यानं ती बोटं उलटीपालटी करून पाहिली, नखानं दाबून पाहिली.

"कळतंय का?" त्यानं विचारलं.

भाऊजींनी मान हलवली. नाही.

नवऱ्याचे तळवे बोगद्यातल्या थंड पाण्यानं सुरकुतले होते. तरी त्यानं दोन्ही तळव्यांत भावाची बोटं घट्ट धरली आणि चोळायला लागला. बराच वेळ चोळत राहिला. "गार आहेत रे," तो म्हणाला, "किती गार आहेत," आणि त्याला रडू आवरेना.